स्लो कुकरमधला चिकन पास्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद आचेने तासन् तास शिजवणारा कुकर, घरात आलाय, पण त्याचं करायचं काय हे कळत नाही, अशा मराठवाड्यातल्या सगळ्यांसाठी हे पान आहे. आधी कृती, मग शंका. घाईत असाल तर पहिले तीन प्रश्न वाचून कामाला लागा. फक्त लाईट गेल्यावर काय करायचं, तेवढं मात्र चुकवू नका.

साहित्य आणि कृती एका दमात सांगा.

साडेतीन लिटरचा कुकर आणि चार-पाच खाणारी माणसं धरली आहेत. लेगचं बोनलेस चिकन 750 ग्रॅम, पेने किंवा मॅकरोनी 250 ग्रॅम, दोन मोठे कांदे बारीक चिरून, चार पिकले टोमॅटो मिक्सरमधून काढून, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या आणि पेरभर आलं ठेचून, तीन मोठे चमचे तेल, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, एक चमचा धणेपूड, मीठ. शेवटी घालायला 80 ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून, अर्धी वाटी फेटलेली साय किंवा फ्रेश क्रीम, जाडसर मिरपूड, कोथिंबीर.

चिकनला मीठ-हळद लावून बाजूला ठेवा. कढईत तेल तापवून कांदा लालसर होईपर्यंत परता. त्यात आलं-लसूण, मग तिखट आणि धणेपूड, मग टोमॅटो घाला. तेल सुटलं की चिकन टाकून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं हलवा. हे सगळं गरम असतानाच स्लो कुकरच्या भांड्यात ओता. कढईत अर्धी वाटी गरम पाणी फिरवून तेही त्यात घाला, कढईला चिकटलेला मसाला वाया घालवायचा नाही. झाकण लावून 'लो'वर चार तास किंवा 'हाय'वर दोन ते अडीच तास.

जेवायच्या अर्धा तास आधी पास्ता गॅसवर अर्धाकच्चा उकडून घ्या, कुकरमध्ये घाला आणि 'हाय'वर दहा मिनिटं ठेवा. मग बटण बंद करा. चीज आणि साय आता घालायची. ढवळून पाच मिनिटं झाकून ठेवा, वरून मिरपूड आणि कोथिंबीर घाला की झालं.

कढई घ्यायचीच असेल तर स्लो कुकरचा उपयोग काय? सगळं एकदम टाकून चालत नाही का?

परदेशी कृतींमध्ये सर्रास तसंच लिहिलेलं असतं: सगळं टाका, झाकण लावा, कामाला जा. चिकन शिजतंही. पण आपल्या जिभेला ते अळणी आणि कचवट लागतं, आणि त्याला कारण आहे.

स्लो कुकरमधलं तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच थांबतं, वर जात नाही. कांदा लाल होणं, मांसाला खमंग रंग येणं, मसाल्याचा कच्चा वास जाणं या गोष्टी कोरड्या उष्णतेत किंवा तापलेल्या तेलात घडतात. त्यासाठी साधारण 140 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. पाणी असलेल्या, झाकलेल्या भांड्यात ते कधीच होणार नाही, मग चार तास ठेवा की चौदा. कच्चा कांदा त्यात मऊ होतो पण गोड होत नाही. तिखट आणि धणेपूड तर नुसतीच पाण्यात भिजल्यासारखी राहते.

त्यामुळे पंधरा मिनिटांची फोडणी टाळू नका. स्लो कुकरने वाचवलेला वेळ त्यानंतरचा आहे: कुणी भांड्याजवळ उभं राहायचं नाही, काही खाली लागत नाही, शिट्ट्या मोजायच्या नाहीत. सकाळी अगदीच जमत नसेल तर कांदा-टोमॅटोचा मसाला आदल्या रात्री परतून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी नीट गरम करून वापरा. अख्खा गरम मसाला घालणार असाल तर मात्र हात आखडता घ्या. लवंग आणि दालचिनी तासन् तास झाकणाखाली राहिल्या की बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतात. एक-दोन लवंगा पुरे.

पास्ता सुरुवातीलाच का टाकायचा नाही?

वरणफळं करताना कच्च्या डाळीबरोबरच फळं टाकून कुणी कुकर लावतं का? आधी वरण शिजतं, उकळी येते, मग फळं पडतात. पास्त्याचंही अगदी तेच.

चिकनला चार तास लागतात, पास्त्याला दहा-बारा मिनिटं. सुका पास्ता म्हणजे घट्ट दाबलेला रवा. गरम पाण्यात त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि प्रथिनांची जाळी त्याला धरून ठेवते. ही जाळी लवकर घट्ट व्हायला पाणी खळखळतं लागतं. कोमट पाण्यात पास्ता तासभर पडून राहिला तर जाळी घट्ट व्हायच्या आधीच स्टार्च बाहेर येऊ लागतो. मग पास्ता तुटतो, रस्सा खळीसारखा होतो आणि चमच्याला लगदा लागतो. इंटरनेटवर 'पास्त्यासकट सहा तास' असं लिहिलेली कृती दिसली तर ती सोडून द्या.

पास्ता वेगळा उकडायचा कंटाळा येतो. कच्चा थेट कुकरमध्ये घातला तर?

शेवटच्या अर्ध्या तासात घालत असाल तर चालेल. चिकन शिजल्यावर कुकर 'हाय'वर करा, 250 ग्रॅम कच्च्या पास्त्यामागे साधारण 600 मिलिलिटर उकळतं पाणी घाला, गार नव्हे. पास्ता रश्श्यात पूर्ण बुडालेला हवा. झाकण लावा. वीस मिनिटांनी एकदा ढवळून दाताखाली धरून बघा. बहुतेक पंचवीस ते तीस मिनिटांत होतो.

अशाने रस्सा जरा दाट आणि जास्त बुळबुळीत होतो. मुलांना तो आवडतो, मला गॅसवर उकडलेलाच बरा वाटतो.

पाण्याबद्दलही सांगते. पुस्तकातलं माप 100 ग्रॅमला एक लिटर पाणी असं असतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्या लातूरने पाहिलं, तिथे अडीच लिटर पाणी उकळून मोरीत ओतायला कुणाचा हात होईल? निम्म्या पाण्यातही पास्ता नीट शिजतो, फक्त पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं म्हणजे चिकटत नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी उतरवा. आणि ते पाणी फेकू नका. त्यात उतरलेल्या स्टार्चमुळे रस्सा मिळून येतो, वाटीभर बाजूला काढून ठेवा.

कोणता पास्ता घ्यायचा? किराणा दुकानातली सुटी मॅकरोनी चालेल का?

पाकिटावर 'डुरम व्हीट सेमोलिना' असं लिहिलेला घ्या. डुरम हा कडक गहू आहे, आपल्याकडे बन्सी म्हणतात तो याच जातकुळीतला. त्याचा पास्ता शिजूनही आकार धरतो. मैद्याची सुटी मॅकरोनी गरम रश्श्यात पाच मिनिटांत ढिली पडते. तीच वापरायची असेल तर पूर्ण वेगळी उकडा आणि ताटात वाढताना रस्सा वरून घाला.

आकार जाड आणि पोकळ बरा: पेने, मॅकरोनी, शंख. स्पॅगेटी स्लो कुकरच्या भांड्यात गुंता करते.

घरी उन्हाळ्यात केलेल्या शेवया असतील तर अगदी शेवटी तीन-चार मिनिटं. रुखवतातले नखुले खिरीपुरतेच राहिलेत, पण ते असल्या रश्श्यात फार सुंदर लागतात. गव्हाच्या रव्याची, हाताने वळलेली, सावलीत वाळवलेली वस्तू ती. इटलीच्या बाजारात ठेवली तर पास्ता म्हणूनच खपेल.

चिकन कोणतं? गावरान कोंबडी चालते का?

चिकन सेंटरवर लेगचं बोनलेस मागा. तंगडीच्या मांसात चरबी आणि चिवट धागे जास्त असतात. मंद आचेवर ते विरघळून मांस रसाळ होतं. छातीचं मांस कोरडं असतं, चार तासांत त्याचा भुसा होतो. तेच हवं असेल तर मोठे तुकडे ठेवा आणि 'लो'वर अडीच तासांनी बघायला लागा.

गावरान कोंबडी नुसती चालत नाही, स्लो कुकर खरं म्हणजे तिच्यासाठीच आहे. हिंडून-फिरून वाढलेल्या, वय झालेल्या कोंबडीचे स्नायू घट्ट असतात आणि त्यांत कोलॅजन, म्हणजे तेच चिवट धागे, भरपूर. सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं. रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो तो त्याचाच. गावरानसाठी हाडासकट तुकडे घ्या, पाणी अर्धी वाटी वाढवा आणि 'लो'वर सात-आठ तास ठेवा. मग हाडं काढून मांस सुटं करून रश्श्यात परत सोडा, त्यानंतर पास्ता. ब्रॉयलरच्या आणि या पास्त्याच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाहुणे येणार असतील तर मी हीच करते.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांसाच्या जाड भागात 74 अंश सेल्सिअस गाठलेलं असलं पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. नसेल तर तुकडा चमच्याने दाबून सहज सुटतो का आणि आतला रस गुलाबी नाही ना, हे बघा.

फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन थेट टाकलं तर?

नको. कुकर हळू तापतो, त्यात बर्फाचा गोळा टाकला तर मांस जंतू वाढतील अशा तापमानात तासन् तास राहतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा.

'लो' आणि 'हाय' यांत नेमका फरक काय?

लोकांना वाटतं 'लो'वर अन्न कमी तापतं. बहुतेक कुकरमध्ये दोन्हीकडे शेवटी तापमान जवळपास तितकंच पोचतं, पोचायला लागणारा वेळ वेगळा. म्हणून 'हाय'चा एक तास म्हणजे 'लो'चे साधारण दोन तास असा ढोबळ हिशोब धरतात. 'वॉर्म' हे बटण मात्र फक्त शिजलेलं अन्न गरम ठेवायला आहे. त्याच्यावर काहीही शिजवायला ठेवू नका.

मधून मधून झाकण उघडून ढवळायचं का?

नाही. प्रत्येक वेळी वाफ निघून जाते आणि गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. काचेचं झाकण बघण्यासाठीच दिलंय. घरातल्या ज्येष्ठ मंडळींना हे पटवणं सगळ्यात अवघड, त्यांचा हात झाकणाकडे जाणारच. जेवायची वेळ त्या हिशोबाने अर्धा तास पुढे धरा.

मधेच लाईट गेली तर?

मराठवाड्यात राहून हा प्रश्न न विचारणारा माणूस मला भेटलेला नाही.

तुम्ही घरी आहात आणि लाईट गेली: झाकण उघडू नका. जाड मातीचं भांडं उष्णता धरून ठेवतं, दहा-पंधरा मिनिटांच्या जाण्या-येण्याने काही बिघडत नाही. त्याहून लांबतंय असं दिसलं आणि चिकन अजून शिजलेलं नसलं, तर वाट बघू नका. सगळं पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवून टाका. चिकन आधीच पूर्ण शिजलेलं असेल तर बंद कुकरमध्ये दोन तासांपर्यंत राहिलेलं चालतं.

तुम्ही बाहेर आहात आणि परत आल्यावर कळलं की लाईट गेली होती, किती वेळ ते माहीत नाही: मग ते चिकन खायचं नाही. वरून गरम लागलं, वास चांगला आला, तरीही नाही. काही जंतूंनी सोडलेलं विष परत उकळूनही जात नाही. 750 ग्रॅम चिकन टाकताना जीव तुटतो हे कबूल, पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा.

कुकर विकत घेताना एक बघा. गोल फिरवायच्या बटणाचा कुकर लाईट आली की आपोआप परत सुरू होतो. डिजिटल कुकर बरेचदा बंदच राहतो, नाहीतर आकडे लुकलुकत बसतो. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही तिथे साधं फिरतं बटण बरं. बाहेर असताना लाईट किती वेळ गेली हे मात्र त्यावरून कळत नाही, म्हणून शेजारी सांगून ठेवा किंवा घरी कुणी असेल त्याच दिवशी बेत करा.

इन्व्हर्टरवर चालतो का? चालतो. साडेतीन लिटरचा कुकर 200 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे दोन-तीन पंख्यांइतकं. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट वीज असते, हाती त्याहून कमी लागते. त्यावर पंखे आणि दिवेही असतील तर दोन-तीन तासांपेक्षा जास्त भिस्त ठेवू नका.

आमच्याकडे लाईट असते, पण व्होल्टेज कमी असतं. वेळ वाढवायचा का?

हो, आणि वाटतो त्यापेक्षा जास्त. तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर उष्णता साधारण 60 टक्केच उरते. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की बल्ब पिवळा पडतो अशा गावात 'लो'च्या भानगडीत पडू नका. सकाळीच 'हाय'वर लावा, मसाला आणि पाणी उकळतं घाला आणि चिकन मऊ झालंय याची खात्री केल्याशिवाय पास्ता घालू नका.

सकाळी भरून ठेवून दुपारी टायमरने सुरू केला तर?

कच्चं चिकन बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. 32 अंशांच्या वर एकच तास. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा उशिराचा टायमर विसरा. भरलं की लगेच सुरू.

उन्हाळ्याची एक चांगली बाजूही आहे. गॅसपुढे तासभर घामाघूम व्हावं लागत नाही आणि स्वयंपाकघर तापत नाही. तरी हा पदार्थ खरा थंडीचाच. डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की संध्याकाळी दार उघडल्याबरोबर लसणाचा वास यावा आणि ताटात वाफाळता पास्ता पडावा, यासाठीच हा सगळा खटाटोप.

मुलाने अमेरिकेहून स्लो कुकर आणलाय. लावू का?

आधी तळाची पट्टी वाचा. तिथला कुकर 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर लावला तर साडेतीन पटींहून जास्त उष्णता तयार होऊन जळेल, आगही लागू शकते. पिन बदलून देणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वजनदार आणि महाग असतो, त्यापेक्षा इथलाच कुकर घेतलेला बरा.

आमच्या घरात वशाट आत शिजवत नाहीत. मग?

मग स्लो कुकर तुमच्यासाठी सोयीचाच. त्याला गॅस लागत नाही, ओटा लागत नाही. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग मिळेल तिथे ठेवता येतो: पडवीत, गच्चीवरच्या खोलीत, मागच्या अंगणात पत्र्याखाली. फक्त मांजर आणि पाऊस यांची सोय लावा. मसाला परतायला वशाटाची वेगळी कढई असतेच, एक शेगडीही बाहेर असली म्हणजे आतल्या चुलीला काहीच लागत नाही. चीजची किसणी आणि चमचे तेवढे वेगळे ठेवा. मंगळवार, गुरुवार, एकादशी आणि श्रावण ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने. आखाडात मात्र एकदा तरी होऊ द्या.

इटालियन हर्ब्ज घालायचे की आपला मसाला?

कोणी अडवलंय? वाळलेलं ओरेगॅनो घालायचं तर शेवटी घाला, तासन् तास शिजवून त्याचा वास उडतो.

पण मला विचाराल तर येसर. मराठवाड्यातल्या घरात येसराचा डबा असतोच. भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले यांचं ते पीठ आमटीला जसा खमंगपणा आणि दाटपणा देतं, तसाच इथेही देतं. दीड-दोन चमचे येसर अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि पास्ता घालायच्या अर्धा तास आधी रश्श्यात सोडा. मग चीज निम्मं करा, दोन्ही भरपूर घातली तर पदार्थ जड होतो. काळा मसाला घालायचा तर अर्धाच चमचा आणि तोही कांद्याबरोबर तेलात परतून. क्रीम आणि काळा मसाला यांचं फारसं जमत नाही, त्या दिवशी क्रीम वगळा आणि वरून लिंबू पिळा.

साय घातल्यावर रस्सा फुटला. का?

टोमॅटोचा आंबटपणा, जास्त उष्णता आणि कमी स्निग्धता हे तीन एकत्र आले की दूध फाटतं. पातळ दूध सगळ्यात लवकर फाटतं. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, ते बऱ्यापैकी तग धरतं. म्हशीच्या दुधाची दाट साय तर उत्तमच, फक्त ती नीट फेटून घ्या, नाहीतर गोळे तरंगतात.

युक्ती एवढीच: कुकर बंद करा, गरम रस्सा पळीभर सायीत घालून ती कोमट करा, मग हळूहळू मिसळा. फक्त दूधच असेल तर वाटीभर दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून गॅसवर घट्ट करा आणि मग घाला. चक्का वापरणाऱ्यांनी त्यात चमचाभर बेसन फेटावं.

चीजच्या बाबतीत स्वस्तातलं महागापेक्षा सरस ठरतं. प्रोसेस्ड चीजमध्ये पायसकारी क्षार (स्निग्धांश आणि पाणी वेगळं होऊ न देणारे) असतात, त्यामुळे ते गुळगुळीत विरघळतं. मोझरेलाची नुसती तार निघते आणि गार झाली की रबर. प्रोसेस्ड चीज खारट असतं, म्हणून मीठ आधी कमीच घाला.

रस्सा फारच पातळ झाला.

पाणी जास्त पडलंय. झाकणाला लागलेली वाफ परत भांड्यातच पडते, आटत काही नाही, वर चिकनचं स्वतःचं पाणी सुटतं. शेवटचा अर्धा तास झाकण किलकिलं ठेवून 'हाय'वर चालवा, किंवा वर सांगितलेलं येसर घाला. पास्ताही थोडं पाणी पितो, त्यामुळे पास्ता घालायच्या आधी रस्सा अगदी घट्ट करून ठेवू नका.

शाकाहारी मंडळींसाठी काय बदलायचं?

पनीर, मशरूम, भिजवून शिजवलेले छोले. पनीर शेवटच्या पंधरा मिनिटांत.

राजमा घालणार असाल तर नीट ऐका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो आणि तो जायला राजमा किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. स्लो कुकरमध्ये ती खळखळ होत नाही. कमी तापमानात अर्धवट शिजलेला राजमा उलट्या-जुलाबाला कारण होतो. राजमा नेहमीच्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून मगच यात घाला. बोअरच्या जड पाण्यात तो लवकर शिजत नाही हे तर तुम्हाला डाळीवरून ठाऊक आहेच.

आजी-आजोबा पास्ता खात नाहीत. त्यांना वेगळं करायचं?

वेगळं कशाला? पास्ता घालायच्या आधी दोन वाट्या रस्सा-चिकन काढून ठेवा. त्यात साय-चीज नको, तिखट थोडं वाढवा. ज्वारीच्या भाकरीत तो रस्सा कुस्करला, सोबत कांदा फोडला की कुणाची तक्रार येत नाही. मऊ शिजलेलं चिकन दात नसलेल्यांनाही खाता येतं. मुलांपुढे पास्ता, मोठ्यांपुढे भाकरी, भांडं एकच.

हे यंत्र आलं कुठून?

अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांनी 1940 साली त्याचं पेटंट मिळवलं. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही म्हणून ज्यू कुटुंबं आदल्या संध्याकाळीच 'चोलंट' नावाचा रस्सा मंद आचेवर रात्रभर ठेवत, ती आठवण त्यामागे होती. 1971 पासून 'क्रॉक-पॉट' या नावाने तो घरोघरी पोचला. आपल्याकडे रमजानात रात्रभर घोटल्या जाणाऱ्या हलीमच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाच्या डेगा बघितलेल्यांना यात फार नवल वाटायचं कारण नाही.

स्लो कुकर नसेल तर?

जाड बुडाचं पातेलं घ्या, घट्ट झाकण लावा, खाली लोखंडी तवा ठेवा आणि गॅस अगदी बारीक करा. ब्रॉयलर 40-45 मिनिटांत होतं, गावरानला दीड-दोन तास. दर पंधरा मिनिटांनी तळ बघा. बाकी सगळं तसंच. राईस कुकरच्या 'वॉर्म'वर मात्र हा प्रयोग नको.

वीज किती लागते?

200 वॅटचा कुकर पाच तास चालला तर एक युनिट. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर बघा आणि हिशोब करा.

उरलेला दुसऱ्या दिवशी खावा का?

जेवणं झाली की दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये. तीन दिवसांच्या आत संपवा. रात्रभर पास्ता रस्सा पिऊन टाकतो, म्हणून गरम करताना पाणी किंवा दूध शिंपडा. गरम करणं गॅसवर, वाफ येईपर्यंत, स्लो कुकरमध्ये नाही. महिनाभरासाठी ठेवायचं असेल तर पास्ता आणि साय घालायच्या आधीचा रस्सा फ्रीजरमध्ये टाका.

भांडं घासताना काय सांभाळायचं?

आतलं भांडं गरम असताना त्यावर गार पाणी ओतलं की तडा जातो. फ्रीजमधून काढलेलं भांडंही थेट तापवू नका आणि ते गॅसवर तर कधीच ठेवू नका. निवल्यावर कोमट पाणी आणि थोडा सोडा घालून अर्धा तास भिजवा, चीजचा थर आपोआप सुटतो. तारेची घासणी वापरू नका. बाहेरचा तापणारा भाग पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा, तोही प्लग काढून.